खर्जाचा खर्च

डेट्रॉईटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमरसनचा फेंडर प्रिसिजन बास अॅम्प्लिफायरला वळसा घालून थेट कन्सोलमध्ये जाई. तारा तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत हा त्याचा शिरस्ता, आणि उजव्या हाताचे एकच बोट कामाला. तरी आज लाखाच्या घरातला व्हॉल्व्ह प्रीअॅम्प पायाशी असल्याशिवाय खर्ज लागतच नाही, अशी हौशी बासवादकांची श्रद्धा आहे. असा बास थेट कन्सोलला जोडणाऱ्या डब्याचे, म्हणजे डीआय बॉक्सचे, मूळ काम हमालाचे: बासचा नाजूक, उच्च इम्पिडन्सचा सिग्नल बॅलन्स्ड करून लांब केबलमधून घरघर न होता मिक्सरपर्यंत पोचवायचा. पॅसिव्ह बाससाठी इनपुट १ मेगओमच्या आसपास हवे, नाहीतर वरचा कणीदारपणा दबतो. घरघर तोडणारे ग्राउंड लिफ्टचे बटण असले की झाले. साध्या डब्यातही ही सोय मिळते.

यावर भक्तमंडळी म्हणतील, व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर आवाजाला रंग देतात. देतात ना! त्यांनी वाढवलेल्या हार्मोनिक्समुळेच ४१ हर्ट्झची खालची तार मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवरही जाणवते. पण मग तो रंग डोळे मिटून, दोन्ही डब्यांची पातळी सारखी करून ऐकावा. दोनपैकी जो जरा मोठ्याने वाजतो तो कानाला ‘उबदार’ वाटतो, आणि दुकानदाराला हे गिऱ्हाइकापेक्षा चांगले ठाऊक असते. ड्रम आणि गिटारच्या गदारोळात फरक उरला, तर खुशाल घ्या. नाही उरला, तर आधी मेट्रोनोम लावा. तो फुकट मिळतो.