पाळीची मीटिंग

अवं वैनी, कपडे वाळू घालणं झालं का? मग इकडे कुंपणाजवळ ये जराशी. काल दुपारी माह्या सौंसरच्या बहिणीनं मोबाईलवर लिंक पाठवली. मले वाटलं, जामसावळीच्या हनुमानाचं दर्शन असन. उघडून पाहते तं नागपूरची डॉक्टरीण पाळी जाण्यावर बोलून राहिली! हे बाजूलेच बातम्या पाहत बसले होते. मी गुपचूप इयरफोन लावला आन मेथी निवडत बसली.

मजा सांगू? चॅटमधी सगळ्याइच्या मैत्रिणीच दुखण्यात. ‘माझ्या मैत्रिणीला रात्री घाम येतो’, ‘माझ्या मैत्रिणीची झोप उडाली’. पांढुर्णा-सौंसरात एवढ्या मैत्रिणी बिमार, आन स्वतःले कोणालेच काही नाही!

बारा महिने पाळी आली नाही तं गेली म्हणायची. तिकडे गोऱ्या बायाइची 51 च्या आसपास जाते, आपल्या देशात सरासरी 46-47 लेच. इस्ट्रोजेन कमी झालं का मेंदूतलं गरमीचं माप बिघडते; जराशी ऊब झाली तरी अंग घामानं थबथबते. थ्या कोपऱ्यावरच्या काकू दिवाळी झाली तरी कूलर बंद करू देत नाहीत ना? सून माहेरी सांगत फिरते, सासू खाष्ट हाय म्हणून. खाष्ट नाही वं, पाळी जाऊन राहिली तिची!

मग एकीनं इचारलं, पिशवीच काढून टाकली तं झंझट नाही मिटत का? डॉक्टरीण अशी तापली! बीडकडच्या ऊसतोडीच्या बायाइचं सांगतलं तिनं. 2019 मधी सरकारनं 82 हजारांवर बायाइची पाहणी केली, त्यात 13 हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी चाळिशीच्याही आतल्या. पाळीत खाडा पडला का मुकादम दंड कापते म्हणे! आन पिशवीसंग अंडाशयं काढली तं पाळी जाण्याचे सारे त्रास एकदमच सुरू होतात, हाडंही लवकर ठिसूळ होतात. आपल्याकडे का कमी बाया हायेत, शेजारणीनं काढली म्हणून काढणाऱ्या?

मले तं रागच येते, वैनी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, पांढुर्ण्याचे आन सावरगावचे गडी एकमेकाइची डोकी फोडतात, साऱ्या गावासमोर रगत वाहते, त्याची जत्रा भरते. बाईच्या रगताचं नाव काढलं का दार लावा! 2023 मधी आपला जिल्हा छिंदवाड्यातून वेगळा झाला, पण हे बोलायले बायाइले अजून जागा नाही. म्हणून थे फोनवरचं बोलणं मले आवडलं. सरकारचं ई-संजीवनीही हाय, 2020 पासून घरबसल्या डॉक्टर, तेही फुकट. फक्त फोन पोट्ट्याच्या हातातून सुटला पाहिजे.

आता ज्याच्यासाठी बोलावलं थे ऐक. तुह्या नणंदेची पाळी दीड वर्ष बंद होती, आन आता पुन्हा दिसलं म्हणून ती हसत होती ना, ‘जवानी परत आली’ म्हणून? डॉक्टरीण म्हणे, वर्षभर बंद राहून थेंबभर जरी दिसलं तरी तपासायचंच. लय वेळा कारण साधंच असते, पण पिशवीच्या कॅन्सरची पहिली खूण हीच असू शकते. वेळेत सापडला तं बरा होते. तिले लाजू देऊ नको, शेतातल्या कामाचं निमित्त सांगू देऊ नको. उद्याच दवाखान्यात ने.