बुसानला जायचं, पण कांदा चाळीत आहे

आमच्या घरात प्रवासाचा बेत बंद खोलीत ठरत नाही. नगरहून नुसतं भंडारदऱ्याला जायचं असलं तरी पारनेर तालुक्यातल्या गावाकडून दोन्ही दीर येतात, चहा होतो, आणि गाडी कुणाची न्यायची यावरून निम्मा बेत तिथेच मोडतो. त्यामुळे लेकीनं बारावीनंतर दक्षिण कोरियात, बुसानला जाऊ म्हटल्यावर बैठक किती लांबली असेल, हे नगरकरांना वेगळं सांगायला नको.

राजधानी सोल सोडून दुसऱ्या नंबरच्या शहरात का जायचं, असा सासूबाईंचा रास्त प्रश्न होता. लेकीनं सांगितलं, बीटीएसमधले सातांपैकी दोघं, जिमिन आणि जंगकूक, बुसानचे.

"म्हणजे आळंदी-देहू एकाच गावात?" सासूबाई म्हणाल्या. सातांपैकी एकाचंही तोंड त्यांना ओळखता येत नाही, पण एका तिकिटात दोन ठिकाणं होतात म्हटल्यावर त्यांचा विरोध मावळला.

धाकटे भाऊजी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कोरियन कंपनीत आहेत. पारनेर-श्रीगोंद्याची बरीच पोरं कंपनीच्या बसनं तिकडं शिफ्टला जातात, म्हणून कोरिया आमच्याकडे तसा परका नाही. भाऊजींचे साहेब दिवसभर 'पल्ली पल्ली' करतात, म्हणजे 'लवकर आटपा'. एवढ्या भांडवलावर भाऊजी घरातले कोरियातज्ज्ञ झाले. बुसानमध्ये चुकामूक झाली तर काय करायचं, असं मी विचारलं. "मोठ्यानं पल्ली पल्ली म्हणायचं." वाट चुकलेल्या माणसानं घाई केली तर तो आणखी लांब जातो, हे त्यांना कोण सांगणार? लेकीनं तोवर फोनमध्ये नेव्हरचा नकाशा उतरवून घेतला होता. आपला नेहमीचा गूगलचा नकाशा तिकडे चालत जायचा रस्ता धड दाखवत नाही, ही माहिती तिची.

पुतण्यानं 2016 सालचा 'ट्रेन टू बुसान' हा सिनेमा पाहिला होता. त्याची गोष्ट त्यानं आजीला नको तेवढ्या बारकाईनं सांगितली. त्या गाडीत माणसं माणसांना चावतात हे ऐकून सासूबाई गंभीर झाल्या. मग म्हणाल्या, "बसायला जागा मिळते ना पण?" मिळते. सोलहून बुसान सुमारे चारशे किलोमीटर, आणि केटीएक्स गाडी अडीच-पावणेतीन तासांत पोचवते. तेवढ्या वेळात आम्ही नगरहून निघून वाघोली ओलांडलेली असेल याची खात्री कुणी देत नाही. आमच्या जिल्ह्याला विमानतळ आहे, शिर्डीजवळ काकडीला, 2017 पासून. तिथून थेट बुसानला विमान का नसावं, यावर मोठे भाऊजी आमदारांशी बोलणार आहेत.

खरी गंमत व्हिसाची. एजंटानं सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट आणि आयकराचे कागद मागितले. मोठे भाऊजी शेतकरी. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे कागदही नाहीत. त्यांनी सातबारा पुढे केला. सामाईक विहीर, तिच्यात तीन भावकींचे हिस्से, आणि खाली 1987 सालचा एक फेरफार, हे सगळं मुंबईतल्या कोरियन वकिलातीला समजेल अशा इंग्रजीत बसवताना एजंटानं दोन वेळा पाणी मागितलं. त्यात पासपोर्टवर जन्मगाव अहमदनगर, आणि 2024 मध्ये नाव बदलल्यामुळे नव्या दाखल्यावर अहिल्यानगर. घर तेच आहे, आम्ही कुठेही गेलेलो नाही, असं एक वेगळं पत्र जोडलं.

शेवटी एजंटानं मुद्द्याचं विचारलं, "तुम्ही परत येणार याचा पुरावा काय?"

भाऊजी दुखावले. "चाळीत दोनशे गोणी कांदा ठेवून कोण तिकडं राहील हो?"

माझ्या मते यापेक्षा भक्कम पुरावा कुठल्याही बँकेला देता येणार नाही. भाव वाढेपर्यंत कांदेवाला चंद्रावरूनसुद्धा रोज फोन करील.

शेजारचे निवृत्त सुभेदार काका मात्र म्हणाले, व्हिसाची चिंता करू नका, थोरातांच्या लोकांनाही कुठं मिळाला होता! हे थोरात आमच्या संगमनेरचे नव्हेत, कोल्हापूरकडचे. मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. 1953 मध्ये कोरियन युद्ध थांबल्यावर, मायदेशी परतायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांना सांभाळायला भारताची फौज त्यांच्या हाताखाली गेली. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर चिडलेले होते. भारतीयांना आमच्या जमिनीवर पाय ठेवू देणार नाही, म्हणाले. मग अमेरिकनांनी आपल्या जवानांना इंचॉनजवळ जहाजावरून हेलिकॉप्टरनं उचललं आणि थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवलं. पाय ठेवला नाही, शब्द मोडला नाही. त्याआधी, 1950 च्या नोव्हेंबरात, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांचं 60 पॅरा फील्ड अॅम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक उतरलं होतं ते बुसानलाच. पण ते जखमींवर उपचार करायला आले होते, त्यांना कोण अडवणार? एजंटाकडे हेलिकॉप्टरचं पॅकेज आहे का, हे काकांनी खरोखर विचारलं.

मग महिना ठरवायचा. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला तिकडे चेरी फुलते, म्हणून लेक अडून बसली. इकडे तेव्हाच उन्हाळी कांद्याची काढणी. जून-जुलैत तिकडेही पाऊस, ऑगस्ट-सप्टेंबरात वादळांची भीती. उरला मे, आणि तो सगळ्यांना चालला, कारण तेव्हा इथे राहून करायचं तरी काय!

सासूबाई माळकरी, आणि बुसानचं नाव मासळीसाठी. जगालची बाजारात खाली मासा निवडायचा आणि वरच्या मजल्यावर तो शिजवून घ्यायचा, अशी रीत. नुसत्या भाजीच्या वाटणाऱ्या किमचीतही बहुधा मासळीचं काहीतरी असतं. धाकटे भाऊजी तोंडानं "आईसाठी काहीतरी बघायला पाहिजे" म्हणत होते, डोळे बाजाराच्या फोटोवर. लेकीनं तोड काढली: डोंगरातलं बॉमोसा मंदिर, सातव्या शतकातलं. बौद्ध मठातल्या जेवणात मांस-मासळी नाही, आणि कांदा-लसूणही नाही. सासूबाईंचा चेहरा उजळला; त्यांचा चातुर्मास तिकडे बारमाही पाळला जातो. मोठे भाऊजी मात्र खुर्चीतून उठले. "ज्या देवळाला कांदा चालत नाही तिथं आपलं काय काम?" त्यांची समजूत काढायला बीआयएफएफ चौकातल्या गाडीवरचं सियात होतोक दाखवावं लागलं: तव्यावर लालसर भाजलेली जाड गोड पोळी, कात्रीनं पोट फाडून आत सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया चमच्यानं ठासलेल्या, कडेनं पाक ओघळतोय. ते बराच वेळ बघत बसले. कोरियन लोकांनी त्यात शेंगदाण्याचा कूट भरपूर घालायला हवा होता, एवढीच त्यांची सूचना.

कोरियन गरम पाण्याच्या स्नानगृहांविषयी मी पुढे सांगितलं नाही. तिथे बायकांचा विभाग वेगळा, पुरुषांचा वेगळा, पण आत अंगावर काहीही ठेवायचं नाही हा नियम आहे. तेवढी एक बाब बुसानला पोचल्यावर उघड करायची असं माझं आणि लेकीचं ठरलं आहे.

बेत खऱ्या अर्थानं पक्का झाला तो राणीमुळे. बुसानचा विमानतळ ज्या गिम्हेच्या नावाचा, तिथली एक जुनी कथा आहे: इसवी सन 48 मध्ये 'अयुता' देशाची राजकन्या समुद्रातून आली आणि सुरो राजाची राणी झाली. नाव हो ह्वांग-ओक. तिची समाधी गिम्हेत आहे. समुद्र शांत राहावा म्हणून तिनं जहाजातून दगड आणले म्हणतात, आणि ते रचून केलेला मनोराही तिथे दाखवतात. (आम्हाला माणशी 23 किलो. माझा खलबत्ता यादीतून केव्हाच उडाला.) अयुता म्हणजे अयोध्याच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, सासूबाईंचं आहे.

"आपली लेक दिलीय तिकडं. रिकाम्या हातानं जायचं का?"

नारळ, डाळिंब, राहात्याचे पेरू, हे काही विमानतळाच्या पुढे जाऊ देणार नाहीत, हे मी समजावलं. खणावर बंदी नाही, असं लेक बोलून गेली. पण खण साध्या सवाष्णीला. राणीला पैठणी, तीही येवल्याची, असं ठरलं. खर्चाच्या वहीत लेक सगळे आकडे वॉनमध्ये मांडते. रुपयाला साधारण 15-16 वॉन पडतात, त्यामुळे आमचं घर कागदावर बरंच श्रीमंत दिसतं. विमानाच्या तिकिटांखाली तिनं 'राणीची पैठणी' अशी ओळ घातली आणि पुढे लिहिलं, 1,90,000.

मोठ्या भाऊजींनी ते रुपयांत वाचलं.