बारावा महिना

मुंबईत भाड्याने घर हवं असेल तर आधी तोंडी परीक्षा द्यावी लागते. नोकरी कुठे, लग्न झालंय का, मासे खाता का? कोळीवाड्यांच्या या शहरात शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच द्यायचं असतं. एकट्या मुलीला जादा प्रश्न. एकट्या मुलाला प्रश्नच नाहीत, थेट नकार. ‘ओन्ली फॅमिली’ म्हणावं तर चार पाहुणे आले की सेक्रेटरीच्या कपाळाला आठ्या.

पास झालात की करार, अकरा महिन्यांचा. वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नाही, ही जुनी पळवाट. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती बुजवली, लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची केली आणि जबाबदारी मालकावर टाकली. तरी बारावा महिना काही परत आला नाही. (ब्रोकरची त्याबद्दल तक्रार नाही: नवा करार, नवी दलाली.)

केंद्राच्या २०२१च्या नमुना कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतंच आहे. हे ब्रोकरला सांगून पाहा. तो वाद घालत नाही. तुमच्यामागे थांबलेल्या जोडप्याला किचन दाखवायला घेऊन जातो.