वीतभर वायरीचा भरवसा

इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी दोन माणसं भेटली की बोलणं पेडलांवर येतं, आणि पेडलांवर आलेलं बोलणं चहा गार झाल्याशिवाय उठत नाही. कुणाचं हिरवं ट्यूब स्क्रीमर, कुणाचं नारिंगी डीएस-1, जे 1978 साली बाजारात आलं आणि अजून त्याच नारिंगी अंगरख्यात वावरतं आहे. कुणाला डिले हवा असतो तो दरीतल्या हाकेसारखा, तर कुणाला अर्धवट आठवलेल्या नावासारखा. गिटारचा आवाज बदलणाऱ्या या साऱ्या रंगीत डब्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या वीतभर वायरीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. तिला ना बटण, ना दिवा. पॅच केबल तिचं नाव, आणि ती विकत घ्यायला गेलं की माणसाची मोठी पंचाईत होते. पेडल ऐकून घेता येतं, केबल कशी ऐकायची? चांगली केबल ती, जी ऐकूच येत नाही. आणि दुकानातल्या कोऱ्या केबली तर सगळ्याच सारख्या गप्प असतात, मुलाखतीला बाकावर ओळीने बसलेल्या उमेदवारांसारख्या.

तिच्या दोन्ही टोकांना असतो पाव इंची प्लग, मापाने 6.35 मिलिमीटर. इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत तो ‘पी थर्टीएट मोनो’ म्हणून मागावा लागतो. कमरेशी खाच आणि डोक्याशी छोटं बोंड असलेला हा गृहस्थ इलेक्ट्रिक गिटारपेक्षा वयाने बराच मोठा आहे. त्याचं बालपण गेलं टेलिफोन एक्स्चेंजात. आपल्याकडे 1882 साली कोलकात्याबरोबर मुंबईतही एक्स्चेंज सुरू झालं. हाताने जोडण्याच्या त्या काळात जगभरच्या ऑपरेटर बाया फळ्यासमोर बसून असे प्लग दिवसभर खुपसत आणि उपसत. प्रत्येक खुपसण्यासरशी धातू धातूवर घासला जाई, साचलेलं कीट निघून जाई, जोड चकचकीत राही. आपण हाच प्लग पेडलबोर्डावर महिनोन्‌महिने एका जागी ठोकून ठेवतो, त्याला हात लावू देत नाही, आणि मग आपल्या पावसाळ्यातल्या ओल्या हवेने निकेलवर काजळी धरली की त्याच्यावरच रुसतो. ज्याला फिरतीची सवय, त्याला आपण कायमचं बसवलं. जाणकार म्हणूनच अधूनमधून बोर्डावरचा एकेक प्लग जागच्या जागी दोनदा फिरवतात. खोकल्यासारखी किंचित खरखर होते आणि त्याला बरं वाटतं.

भरवशाचं गणित तसं निष्ठुर आहे. बोर्डावर 8 पेडलं असतील तर त्यांच्या मधे 7 केबली येतात. सातांची टोकं 14, आणि प्रत्येक टोकात दोन डाख, एक आतल्या तारेचा आणि एक बाहेरच्या जाळीचा. झाले 28 डाख, सगळे एकाच वाटेवर. घरातला एक दिवा गेला तर बाकीचे जळत राहतात, इथे मात्र आतल्या तारेचा एक जोड सुटला की सगळी मैफल मुकी. प्रत्येक डाख शंभरातल्या नव्व्याण्णव संध्याकाळी इमानाने वागेल असं धरलं, तरी अठ्ठावीसही जण एकाच संध्याकाळी इमानाने वागण्याची शक्यता जेमतेम 75 टक्के उरते. म्हणजे दर चार कार्यक्रमांत एकदा कुणीतरी गिटारवाला गुडघ्यांवर बसून, पाठीमागून येणाऱ्या ढोलकीची माफी मागत, वायरी हलवताना दिसणार. आपल्याकडे या अवस्थेला ‘लूज कॉन्टॅक्ट’ म्हणतात. हा आजार मिक्सरपासून मंत्रालयापर्यंत सर्वांना होतो, आणि त्यावरचा पहिला उपचार म्हणजे ‘जरा हलवून बघ’.

विकणारे मात्र भरवशाचं बोलत नाहीत, सुराचं बोलतात. तांब्याची शुद्धता, सोन्याचा मुलामा, ‘मोकळा’ आवाज. आता कानांचे काही अवलिये असतातच. पेडलमधली बॅटरी कोणत्या कंपनीची आहे हे अमेरिकेतल्या एरिक जॉन्सन या गिटारवादकाला ऐकू येतं, अशी त्याची ख्याती आहे, आणि त्याचं वाजवणं ऐकल्यावर वाद घालायची इच्छा उरत नाही. पण तुमच्याआमच्यासाठी हिशेब असा की, वायरीच्या अंगात थोडी विद्युतधारिता असते, साधारणपणे मीटरला 100 पिकोफॅरडच्या आसपास, आणि ती गिटारच्या सुराची वरची चमक हळूच गिळते. वीतभराच्या साती केबली एकापुढे एक मांडल्या तरी दीड मीटर जेमतेम भरते. गिटारपासून बोर्डापर्यंत जी सहा मीटरची वायर पायात लोळत असते, ती त्याच्या चौपट गिळून बसलेली असते आणि तिला कुणी जाब विचारत नाही. तेव्हा पॅच केबलने सूर सुधारावा ही अपेक्षा म्हणजे टपालवाल्याने पत्रातलं शुद्धलेखन तपासावं अशी झाली. त्याने पत्र पोचवावं, तेवढं पुष्कळ.

ते पोचतं की नाही, हे ठरतं प्लगच्या टोपणाआड. पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात एक वयस्कर कारागीर बसत, त्यांच्याकडून मी डाख बघायला शिकलो. ते केबल हातात घेऊन आधी टोपण फिरवत. फिरलं नाही, म्हणजे प्लग ओतीव प्लास्टिकचा निघाला, की ‘पुढे चला’ म्हणून परत देत. फिरलं, तर चष्मा कपाळावर सरकवून आत डोकावत. शिसं-कथलाचा डाख पाण्याच्या थेंबासारखा चकाकत आणि पसरून बसलेला हवा. करडा, दाणेदार, लांबून टेकवल्यासारखा असेल तर तो कच्चा. ‘तार नाही तापवायची, जागा तापवायची. जागा तापली की डाख आपणहून जातो,’ असं ते म्हणत, आणि हे फक्त वायरीपुरतं आहे असं त्यांच्या चेहऱ्यावरून कधी वाटलं नाही. मग राळेचा धूर उठे. व्हायोलिनच्या गजाला लावतात तीच ही राळ, आणि म्हणून त्या कळकट टेबलाला क्षणभर गाण्याच्या खोलीचा वास येई. कच्च्या डाखाची एक करामतही त्यांनीच सांगितली: रेडिओचं प्रक्षेपण जवळ असेल तर असा डाख स्वतःच रेडिओ बनतो, आणि ऐन आलापात अँपमधून घोगऱ्या आवाजात बाजारभाव सुरू होतात.

तेव्हापासून केबल निवडताना मी तिला किंमत विचारायच्या आधी टोपण फिरवतो. कधीच बिघडणार नाही असं तिने वचन द्यावं, हा माझा हट्ट राहिलेला नाही. बिघडल्यावर तिने स्वतःला उघडून दाखवावं, एवढं पुरे. आत दोन डाख दिसावेत, ताण पडू नये म्हणून वायरीला पकडणारी पट्टी दिसावी, आणि मल्टिमीटरची टोकं लावून वायर वाकवली तरी त्याचं ‘पीं’ अखंड वाजावं. एक जादा केबल मात्र बॅगेत असू द्यावी. ती आपल्या उपयोगी क्वचितच पडते. पडदा उघडायला पाच मिनिटं असताना विंगेतून कुणी घामाघूम पोरगा येतो, ‘दादा, एखादी पॅच आहे का?’ विचारतो, आणि ती घेऊन पळतो. दुसऱ्या बँडच्या सुरात ती सुखाने नांदू लागते. उसनी दिलेली पॅच केबल चांगली निघाली नाही, तर पोरं ती दुसऱ्याच दिवशी आणून देतात, वर दोन शब्दही ऐकवतात. भरवशाच्या केबलची मला ठाऊक असलेली खात्रीची खूण एकच: ती परत येत नाही.