शिये फाट्यावरचा पाहुणचार

पुण्याहून कसबा बावड्याला सासुरवाडीला येणाऱ्या जावयाची परीक्षा खंबाटकी घाटात होत नाही, कऱ्हाडात होत नाही आणि किणीच्या टोलनाक्यावरही होत नाही. महामार्ग सोडून तो शिये फाट्याला वळला, की पेपर हातात पडतो. त्यासाठी दिवस मेअखेरचे हवेत, आदल्या दिवशी वळीव झोडपून गेलेला हवा आणि घड्याळात संध्याकाळचे सात वाजून गेलेले हवेत. दोन्ही अंगाला ऊस, मधून रस्ता आणि रस्त्यावर हप्ते नुकतेच सुरू झालेली पांढरी गाडी.

पहिला ‘टप्’ ऐकून जावयाला वाटलं, गार पडली. दुसऱ्या टपाला पाय होते.

मग त्याने सगळे करतात तेच केलं. काचेवर पाण्याची पिचकारी मारून वायपर सुरू केला आणि काचेवर पिठलं पसरलं. त्यातून दिसेल तेवढ्या पंचगंगेवरून गाडी गोगलगायीच्या चालीने बावड्यात शिरली.

सासूबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. मेव्हणा मात्र थेट बंपरसमोर उकिडवा बसला. मोबाईलची बॅटरी लावून त्याने एक तपकिरी भुंगेरा चिमटीत धरला आणि आनंदाने ओरडला, “दाजी, हुमणी आणलीसा की!”

हा आनंद कळायला घरचा ऊस असावा लागतो. हुमणीची अळी जमिनीत राहून उसाची मुळं कुरतडते. वरून ऊस पिवळा पडत जातो आणि शेवटी बेटच्या बेट हाताने उपटून येतं. वळीव पडला की तिचे भुंगेरे दिवेलागणीला मातीतून बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात, पाला खातात, तिथेच लग्नं उरकतात आणि उजाडायच्या आत परत मातीत जातात. शेतकरी रात्री फांद्या हलवून ते पाडतात आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकतात. नाहीतर बांधावर प्रकाश सापळा लावतात, म्हणजे वर दिवा आणि खाली पाण्याचं घमेलं. मेव्हण्याच्या हिशेबाने दाजींनी कर्ज काढून चाकांवरचा प्रकाश सापळाच घेतला होता.

किडे दिव्याकडे का जातात, याचा बरा उलगडा 2024 साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी दिला. उजेड जिकडे तिकडे आपली पाठ, हा किड्याचा नेम. आकाश वर असतं तोवर सगळं ठीक. दिवा शेजारी आला की बिचारा त्याच्याकडे पाठ करायच्या खटपटीत गरगरत राहतो. त्यात दिवाच वेगाने अंगावर आला, तर तो काय करणार? वेग हा खरा घोटाळा. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक मोटार दसऱ्याच्या मिरवणुकीत ज्या चालीने निघते, त्या चालीत किडा तिच्यावर आपटायची बिशाद नाही. हवेच्या झोताबरोबर तो आरामात टपावरून पलीकडे जाईल.

एव्हाना गल्ली जमली होती. एकाने रॉकेल सुचवलं, दुसऱ्याने डिझेलचं फडकं, तिसरा तर भांड्यांची तारेची घासणी घेऊनच आला. जावयाचा चेहरा गाडीपेक्षा पांढरा पडला आणि त्यात त्याची चूक नव्हती. रंगावरचा पारदर्शक थर केसाहूनही पातळ असतो. किड्याचं कवच कडक. कोरडं घासलं की त्याचे तुकडेच सँडपेपरचं काम करतात. अंगातला रस प्रथिनांचा, तो सुकला की डिंकासारखा धरतो. उन्हात बॉनेट तापलं की त्यातलं आम्ल थरात उतरतं आणि मग डाग जातो, पण त्याचा ठसा राहतो. अमेरिकेत फ्लोरिडाकडे ‘लव्हबग’ नावाच्या माश्या मे आणि सप्टेंबरात जोडीजोडीने उडत येऊन गाड्यांवर आपटतात. तिकडच्या मालकांचाही जीव रंगासाठी असाच वरखाली होतो. त्याच फ्लोरिडातल्या मार्क होस्टेटलर यांनी काचेवरच्या डागावरून किडा ओळखायचं पुस्तक लिहिलं आणि 1997 चं ‘इग नोबेल’ हे गमतीचं बक्षीस मिळवलं. मेव्हण्याला पुस्तक लागलं नाही.

उपाय सासूबाईंकडे होता. मळलेली कापडं त्या आधी भिजत घालतात, मग धुतात. गाडीलाही तेच लागतं. त्यांनी आहेरासाठी काढून ठेवलेल्या टॉवेल-टोपीतला टॉवेल उचलला, बादलीत बुडवला आणि बंपरवर पसरला. दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली. कवचं फुगून सुटली. उरलेली गाडीच्या शाम्पूच्या पाण्याने आणि मऊ मायक्रोफायबरने, जोर न लावता निघाली. धुऊन पुसल्यावर मेणाचा हात दिला, की पुढच्या वेळचा रस थेट थराला भिडत नाही. आहेरात राहिली फक्त टोपी.

जेवताना, पांढऱ्या रश्श्याच्या दुसऱ्या वाटीला, जावयाने आपलं ज्ञान काढलं. ब्रिटनमध्ये केंट वाइल्डलाइफ ट्रस्टने लोकांना नंबरप्लेटवरचे किडे मोजायला लावले. 2004 ते 2021 मध्ये ते जवळपास 59 टक्क्यांनी घटले होते. किडे संपत चाललेत, परागीभवन करणारे आणि पाखरांच्या पोटात जाणारेसुद्धा, ही काळजीची गोष्ट आहे, असं तो म्हणाला. काळजी खरीच आहे. पण हुमणीने खाल्लेला फड ज्याने पाहिलाय, त्याला ती सांगायला सासुरवाडीचं ताट ही जागा नव्हे. मेव्हण्याने रस्सा वाढला आणि विचारलं, “दाजी, उद्या किती वाजता निघणार?”

“सकाळी सहाला.”

“सहाला? तोवर सगळी मातीत गेलेली असतात की! सातला निघा. संध्याकाळच्या.”