उन्हातला लॅपटॉप

‘वर्केशन’च्या जाहिरातीत एक तरुण हमखास असतो. गोव्याचा किनारा, भर दुपार, मांडीवर लॅपटॉप, चेहऱ्यावर मंद हसू. हसू का, ते उघड आहे: साहेबांची मेल त्याला दिसतच नाहीये.

साध्या लॅपटॉपचा पडदा २५० ते ४०० निट्स उजेड देतो. कडक उन्हात नुसता पांढरा कागद पंचवीस-तीस हजार निट्सनं झळकतो. तिथे ब्राइटनेस ‘फुल्ल’ करणं म्हणजे वरातीत बँड वाजत असताना मागून शीळ घालून नवरदेवाला हाक मारणं. पडदा चकचकीत असेल तर एक्सेलच्या जागी स्वतःचाच घामेजलेला चेहरा दिसतो. तो डिलीटही करता येत नाही.

शिवाय बऱ्याच कंपन्या सांगतात, भोवतालचं तापमान ३५ अंशांच्या आत ठेवा. हे मे महिन्यातल्या नागपूरकराला सांगून बघा!

गंमत अशी, की उन्हात न दिसणाऱ्या पडद्यावर तोड २००७ मध्येच निघाली होती. गरीब देशांतल्या मुलांसाठी बनवलेल्या हिरव्या-पांढऱ्या ‘एक्सओ-१’ लॅपटॉपचा पडदा उन्हाचाच उजेड परतवून काळीपांढरी अक्षरं ठसठशीत दाखवायचा. कर्जतजवळच्या एका वाडीतल्या शाळेनंही तो वापरला. लाखभर रुपये मोजणारे आमचे मॅनेजर मात्र किनाऱ्यावर डोक्यावरून टॉवेल घेऊन, वाफारा घेतल्यासारखे, ‘स्क्रीन दिसतेय का सगळ्यांना?’ असं विचारत बसलेले असतात.