अण्णांची भट्टी

कोल्हापुरात रिटायर झालेल्या माणसाला उद्योगांचा तोटा नाही. रंकाळ्यावर सकाळची फेरी आहे, तालमीच्या कट्ट्यावर गोकुळ दूध संघाचं राजकारण आहे, फुटबॉलच्या मोसमात शाहू स्टेडियम आहे. शिवाजी उद्यमनगरच्या फौंड्रीत उभी हयात घालवलेले अण्णा मात्र घरी ब्रेड करतात.

असे अण्णा हल्ली बऱ्याच गल्ल्यांत सापडतात. पैदास 2020 च्या लॉकडाऊनमधली. तेव्हा घरोघरी केक झाले, फेसाळ कॉफ्या झाल्या, आणि दुकानं उघडल्यावर लोक मुकाट्याने माणसांत आले. अण्णा आले नाहीत. त्यांना मऊ, किंचित गोड, पांढराशुभ्र ब्रेड जमायचा होता आणि अजून जमायचा आहे. ‘जमला’ असं ते कधीच म्हणत नाहीत. ‘या हीटला बरा आलाय’ म्हणतात. हीट म्हणजे फौंड्रीतला एक घाणा. चौदाशे अंशांचा लोखंडाचा रस ओतायची सवय असलेला माणूस आता चाळीस अंशांच्या दुधापुढे श्वास रोखून बसतो. दूध त्याहून फार तापलं तर यीस्ट मरतं, आणि यीस्ट मेलं की घरात दिवसभर सुतक.

साधनं अर्थातच बाजारातली नाहीत. ब्रेडचा डबा उद्यमनगरातल्या जुन्या दोस्ताकडून पत्रा वाकवून घेतलेला, झाकण सरकतं, कोपरे काटकोनात. कापलेला स्लाइस ते उजेडासमोर धरतात आणि एक डोळा मिटून बघतात. ‘ब्लो होल नाही,’ हे त्यांचं सर्वोच्च प्रशस्तिपत्र. परदेशात ब्रेडच्या भोकांचं कौतुक होतं, हे नातवाने मोबाइलवर फोटो दाखवून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, ‘आमच्यात ह्याला रिजेक्शन म्हणत्यात.’ ब्रेड भट्टीतून काढून डब्यातच ठेवला, की आतली वाफ कोंडते आणि कुशी आत बसतात. अण्णांच्या भाषेत ते श्रिंकेज. म्हणून ब्रेड बाहेर आला रे आला, की तो डब्यातून काढायला सगळ्या घराने हातातलं काम टाकायचं.

मऊपणाचं रहस्य त्यांना चिनी-जपानी पद्धतीत सापडलं. मूठभर मैदा त्याच्या पाचपट दुधात घालून पासष्ट अंशांपर्यंत घोटायचा. मैद्यातला स्टार्च फुगून पाणी धरून ठेवतो आणि ब्रेड दोन-तीन दिवस मऊ राहतो. विज्ञान बिनचूक आहे. पण पातेल्यात डोकावून अण्णांच्या पत्नी, म्हणजे काकू, म्हणाल्या, ‘ही खळ कशाला केलीसा? मी काय सिनेमाची पोस्टरं चिकटवतो काय?’

यावरही मात करणारा प्रकार गंगावेशीत झाला. तिथल्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून फेसाळता पेला हातात दिला जातो. अण्णांच्या डोक्यात ट्यूब पेटली: म्हशीच्या अंगातून येणारं दूध अडतीस अंशांच्या आसपास, म्हणजे यीस्टला हवं तेवढंच. गॅस नको, थर्मामीटर नको! संध्याकाळी ते यीस्ट आणि साखरेची डबी खिशात घालून कट्ट्यावर हजर. पेला हातात आल्यावर त्यांनी त्यात भुकटी टाकली, चमच्याने ढवळली आणि घड्याळ लावून उभे राहिले. शेजारी एक पैलवान दूध पीत होता. त्याने बराच वेळ धीर धरला आणि मग विचारलं, ‘अण्णा, वैद्यानं दिलंय का हो?’

ब्रेड त्या दिवशी बसकाच झाला. कच्च्या दुधातली काही प्रथिनं कणकेची ताकद मोडतात, म्हणून दूध आधी उकळून निववायचं असतं. हे अण्णांनी नंतर वाचलं. म्हशीला मात्र त्यांनी दोष दिला नाही. तिचं तापमान बरोबर होतं, एवढं ते आजही आवर्जून सांगतात.

2021 च्या पुरात महामार्ग बंद पडला, बाहेरून शहरात काही येईना. अण्णांचा क्षण आला होता. मैदा होता, यीस्ट होतं, गल्ली आशेने बघत होती. लाइट नव्हती.

पण खरी पंचाईत वेगळीच आहे. कोल्हापुरात ब्रेड हा काही खायचा पदार्थ नव्हे, तो मिसळीचा कट उचलायचं साधन आहे. मुंबईला मिसळीबरोबर पाव येतो, इथे जाड स्लाइस येतात. हा ब्रेड जरा गोडसर असतो म्हणून तिखटाला आवर बसतो, आणि जरा घट्ट असतो म्हणून वाटीतून हातापर्यंत पोचतो. एका रविवारी अण्णांनी मिसळ पार्सल आणवली आणि स्वतःचा ब्रेड मांडला. दूध, लोणी, साखर, ती खळ, सगळं पणाला लावलेला ब्रेड. जावयाने स्लाइस कटात बुडवला आणि वर काढला, तर बोटांत नुसती कड राहिली. बाकीचा ब्रेड कटात विरघळून गेला होता. जावई सभ्य माणूस, त्याने चमचा मागितला. नातवाने वाटीच तोंडाला लावली आणि ‘नाद खुळा!’ म्हणाला. ते ब्रेडला होतं की कटाला, यावर अजून वाद आहे.

अण्णा शांतपणे वाटीत बघत राहिले. त्यांच्या लेखी डबा बरोबर होता, हीट बरोबर होती, स्लाइसला ब्लो होल नव्हतं. मग उरलं काय?

‘कट पातळ आहे,’ त्यांनी निकाल दिला.

काकूंनी तोवर नातवाला मागच्या दाराने बेकरीत धाडलं होतं. अण्णांनी ते पाहिलं नाही, कारण ते उठून थर्मामीटर शोधत होते. तो घेऊन ते मिसळीच्या पातेल्याकडे वळले, तशा काकू मध्ये उभ्या राहिल्या.

‘ब्रेडचं काय करायचं ते करा. कटाला हात लावायचा न्हाई. आधीच सांगून ठेवतो.’